रशीदभाईच्या मकेतलं पाखरू

डेअरीच्या ओट्यावर दुधाचं माप होईस्तोवर बसावंच लागतं, अन् बसलं की किस्से साठतात. यंदाचे सगळे किस्से एका पाखराचे. अमेरिकेतनं आलेलं म्हणे! त्याची अळी रशीदभाईच्या मकेत शिरली. त्या मकेवरच त्याच्या दोन म्हशी उन्हाळा काढणार होत्या.

*

पाखरू मातकट रंगाचं. तसली पाखरं आमच्या मिरजगावात ढिगानं! रशीदभाईनं कृषीच्या साहेबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "फोटो हललाय. आधी ओळख पटू द्या, मग औषध."

रशीदभाई म्हणाला, "पाखरूच हलतंय. त्याला कसं सांगू, नीट बस म्हणून?"

*

त्याच्या बांधाला बांध बबनचा. त्यानं एक पाखरू चपलेनं मारलं, नीट मांडलं अन् फोटो धाडला.

उत्तर, "पंखावरची खूण पुसलीय. आधी ओळख पटू द्या."

"खूण चपलेला चिकटलीय की! तिचा फोटो धाडू का?"

*

मग वासाचा सापळा टांगला. पाखरांनी गच्च भरला! रशीदभाईनं खुशीत सगळ्यांना चहा पाजला.

बबन हळूच म्हणाला, "भाई, त्या वासाला नुसते नर येत्यात. अंडी घालनाऱ्या माद्या मकेतच हायेत."

रशीदभाईनं कप खाली ठेवला. "म्हंजे जावई मारले अन् लेकी घरातच?"

*

मला अक्षर येत नाही, जुनं तेवढं ठाऊक. म्हटलं, मकेच्या पोंग्यात, मधल्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, बारीक माती टाकू, अळी गुदमरते. चिमूट चिमूट टाकत मकेचं एकेक ताट धरून निघालो. माझं काम सावकाश.

रशीदभाईची बायको शमीमभाभी बांधावरनं ओरडली, "आबा, तुमी त्या टोकाला पोचस्तोवर अळीला नातवंडं व्हतील!"

झालंही तसंच. पोंग्यात नुसता भुसा उरला.

*

शेवटी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. म्हशी चढवताना रशीदभाई मकेकडं तोंड करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो डेअरीवर आला नाही. कशाला येईल? मग मी अन् बबनच त्याच्या गोठ्यात गेलो. दावी तशीच पडलेली. रिकाम्या खुंट्यावर एक पाखरू बसलं होतं. मातकट, अजिबात न हलणारं.

बबननं पायातली चप्पल काढली.

रशीदभाईनं त्याचा हात धरला.

"थांब, बबन. आधी ओळख पटू दे."