आबांच्या मांड्या

देडतलाईच्या सुपडू महाजनांनी चाळीस वर्षं केळीचे घड डोक्यावरून वाहिले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते शेतात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर मुलीनं, ज्योत्स्नानं, त्यांना बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यातल्या आपल्या घरी आणलं. ती अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते.

तीन आठवड्यांनी धोतर बदलताना तिनं त्यांची मांडी धरली, तर ती दोन्ही हातांच्या ओंजळीत मावली. ती हादरली. दूध, पनीर, मूग सुरू केले. डॉक्टरांना विचारून प्रोटीनची पावडरही आणली. ज्या घरात कधी अंडं आलं नव्हतं, तिथं ती रोज दोन अंडी उकडू लागली.

"कायले इतकं खाऊ घालते, माय?" आबांनी एकदा विचारलं.

"यात ल्यूसीन असतं, आबा, प्रोटीनचाच एक घटक. ते स्नायूच्या पेशीत पोचलं की पेशीला कळतं, माल आला, आता बांधायला घ्या."

"मग माह्या पेशीले कळत नाही का?"

"म्हातारपणी तिला कमी ऐकू येतं. पडून राहिलं तर आणखी कमी. पायांवर भार पडला की ऐकू येतं."

पुन्हा पडायची आबांना फार भीती होती. फिजिओथेरपिस्ट आला की ते "आज नको, लई दुखते" म्हणायचे. एकदा तर ज्योत्स्नाचा हात धरून रडले. तिनं फिजिओथेरपिस्टला परत पाठवलं. मग तसं वरचेवर होऊ लागलं. शाळेला निघताना ती ताट भरून ठेवायची, आल्यावर ते रिकामं बघून तिला बरं वाटायचं. मांड्या मात्र भरल्या नाहीत.

शेवटी तिनं रजा काढली. वॉकर धरून आबा पलंगापासून दारापर्यंत आठ पावलं चालले. दुसऱ्या दिवशी बारा. त्याच आठवड्यात छातीत कफ दाटला. खोकून तो बाहेर काढायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात पाचव्या दिवशी ते गेले.

दहाव्याला धाकटा भाऊ जीवन तिच्याजवळ येऊन बसला. "ताई, तू खूप केलं त्यांचं."

"खाऊ घालणं सोपं होतं रे," ती म्हणाली. "ते रडत होते, तेव्हाच उभं करायला हवं होतं. मला सगळं ठाऊक होतं. वर्गात शिकवते मी."

जीवननं तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती रडली.