शिवलेली नाव आणि अमॉसचे हात

विलायतेतली डेबेन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जिथे चिखलात रेंगाळते, तिथे आमचे गाव. मायदेश सोडून या गावात मास्तरकी करत बावीस वर्षे काढल्यावर मला इतके निश्चित कळले होते, की घराची पुढची खोली म्हणजे इथला देव्हारा. ती उघडायची रविवारच्या पाहुण्यांसाठी, किंवा घरातून शवपेटी निघायची असेल तेव्हा. म्हणून एकोणीसशे अडुसष्टच्या मार्चमध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या हेस्टर थर्लो यांनी त्या खोलीतला गालिचा गुंडाळून जमिनीवर प्लायवूडचे तक्ते अंथरले, तेव्हा सारी गल्ली स्तिमित झाली.

हेस्टरबाईंचा व्यवसाय शिवणाचा. गावातल्या तीन पिढ्यांतील वधूंचे पोशाख त्यांच्या हातचे. त्यांचे यजमान अमॉस हे नौकाकार. ओकच्या फळ्या एकीवर एक चढवून, तांब्याचे खिळे ठोकून नाव बांधणाऱ्या जुन्या परंपरेतले. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी पूर्ण हरपली. त्या दिवसापासून त्यांनी ना नदीकाठी पाऊल टाकले, ना लाकडाला हात लावला. स्वयंपाकघरातल्या शेगडीपाशी, नदीकडे पाठ करून ते बसून असत.

"हा माणूस मरत नाहीये, मास्तर, विझतोय," हेस्टरबाई मला म्हणाल्या. "एकदा त्याचा हात लाकडाला लागला पाहिजे. सांगून तो लावायचा नाही. म्हणून नाव मीच बांधते."

टपालाने मागवलेल्या आराखड्यावरून त्यांनी तक्त्यांवर रेषा आखल्या आणि बारीक करवतीने भाग कापले. करवतीचा आवाज स्वयंपाकघरात पोहोचायला वेळ लागला नाही.

"चहाच्या खोक्याचं लाकूड, आणि वर गोंद!" अमॉस तिथूनच ओरडले. "म्हातारे, त्यात बदकसुद्धा बसायचं नाही!"

"बदकाला विचारलंय कुणी? तू तुझा चहा पी."

मग ती दुपार आली, जिचे स्मरण आजही मला अंतर्मुख करते. कापलेल्या भागांच्या कडांना चार-चार बोटांच्या अंतरावर छिद्रे पाडलेली होती. दोन भागांच्या समोरासमोरच्या छिद्रांतून तांब्याची तार ओवायची आणि तिची टोके पकडीने पिळायची, हाच टाका. तळाचे दोन भाग मिटलेल्या पुस्तकासारखे एकमेकांवर ठेवून बाईंनी एक कड शिवली, आणि पुस्तक उघडावे तसे ते उघडले. बाजूचे भाग मी धरून होतो. टाके ओढले जाऊ लागले तसे ते माझ्या हातात आपोआप वाकू लागले. ना साचा, ना आतला सांगाडा. घटकाभरापूर्वी जमिनीवर जे निर्जीव, सपाट पडले होते, त्यातून नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वर आली, पोट फुगले, आणि खोलीच्या मध्यभागी एक नाव उभी राहिली.

"हा आकार आला कुठून?" मी विचारले.

"कापतानाच होता की, मास्तर. पोलक्याचे भागही जमिनीवर सपाटच असतात. खांदा त्यांच्यात आधीच असतो. शिवलं की दिसतो, एवढंच."

अव्यक्तातून व्यक्त होते, हे वचन मी आयुष्यभर शिकवले. पाहिले मात्र त्या दुपारी. मायदेशी काथ्याने नावा शिवणारे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचे पूर्वज मला आठवले, आणि माझे हात नकळत जोडले गेले.

पुढच्या रविवारी सांधे भरायचे होते. बाईंनी पुडिंगच्या भांड्यात राळ काढली, तिच्यात ती घट्ट करणारा द्रव मिसळला. आता हाताशी जेमतेम अर्धा तास. तो उग्र दर्प घरभर पसरला आणि काठी आपटत अमॉस दारात आले.

"काय शिजवतेस? गल्लीतली मांजरं मरतील!"

बोलता बोलता ते पुढे सरकले, आणि त्यांचा हात नाळेवर पडला.

तो हात तिथेच थांबला. मग काठी खाली पडली. डाव्या काठावर डावा पंजा, उजव्यावर उजवा, असे ते दोन्ही हात एकाच वेळी सरकवत, वाकून, नाळेपासून पिछाडीपर्यंत गेले. हेस्टरबाईंच्या हातातली पळी राळेतच थबकली होती.

"राळ ओतलीस?"

"ओततेच आहे."

"थांब."

"थांबून कसं चालेल? भांड्यातच दगड होईल तिचा!"

"होऊ दे. नाव पिळलीय तुझी. मागं डावा काठ वर चढलाय. अशीच चिकटवलीस तर जन्मभर गोल गोल फिरेल."

मी विणकामाची एक सुई नाळेपाशी आडवी ठेवली, दुसरी पिछाडीला, आणि टोकाकडून पाहिले. सुया समांतर नव्हत्या. बोटभर फरक होता. डोळ्यांनी आम्हा दोघांना आठ दिवसांत जे दिसले नाही, ते त्या तळव्यांनी एका फेरीत वाचले होते.

हेस्टरबाई उतरल्या चेहऱ्याने म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझा एक टाका सैल राहिलेला नाही, अमॉस."

"तिथंच चुकलीस, पोरी. एक बाजू पूर्ण आवळलीस, मग दुसरी धरलीस ना? कापड सोसतं. लाकूड डूख धरतं. आधी सगळे टाके ढिले, नाव आपल्या जागी बसू द्यायची, मग आळीपाळीनं आवळायचं. पकड कुठंय?"

बाईंनी ती त्यांच्या हातात ठेवली, आणि धुमसू लागलेले भांडे बागेत नेऊन टाकले. संध्याकाळी त्यातली राळ पिवळ्या स्फटिकासारखी थिजली होती, पळी आत उभीच.

एकशे साठ टाके अर्धाअर्धा वेढा ढिले झाले. चढलेल्या कोपऱ्यावर कपड्यांची इस्त्री वजनाला ठेवली. मग ती दोघे नावेच्या दोन अंगांना समोरासमोर गुडघ्यांवर बसली. "एक," अमॉस म्हणत आणि आपल्या बाजूची तार पिळत. "एक," हेस्टरबाई उत्तर देत. यज्ञमंडपात दोन ऋत्विजांनी आळीपाळीने ऋचा म्हणाव्या, तसा तो क्रम चालला होता. तार तुटण्याच्या केसभर आधी अमॉसची बोटे थांबत. एकदाही चुकली नाहीत. दिवेलागणीला मी पुन्हा सुयांवरून नजर टाकली. एकीमागे दुसरी पूर्ण लपली होती.

पुढच्या आठवड्यात सांधे राळेने आणि काचतंतूंच्या पट्टीने भरले. मग तारांची वर आलेली टोके छाटून टाकली. ज्या टाक्यांनी नाव घडवली, त्यांचे आता काही काम उरले नव्हते. मे महिन्यात खिडकीची चौकट काढून गल्लीतल्या पोरांनी नाव बाहेर काढली. बाईंनी खिडकी आधीच मोजून ठेवली होती. तरी "रंग खरवडाल, गाढवांनो," असे अमॉस शेवटपर्यंत ओरडत होते.

नदीकाठपर्यंत ते आले. पाण्यापाशी मात्र पाय रोवून उभे राहिले.

"तू जा. आंधळ्यानं वल्हवलं तर अख्खं गाव हसेल."

हेस्टरबाई पिछाडीला जाऊन बसल्या होत्या. "अमॉस, साठ वर्षं वल्हवलंस तू. एकदा तरी पुढं बघितलंस? वल्हवणाऱ्याची पाठच असते पुढं. बघायचं काम मागं बसणाऱ्याचं. ते मी करते. बस आता, पाय गारठलेत माझे."

अमॉस दोन वर्षांत प्रथमच मोठ्याने हसले. माझ्या खांद्याला धरून त्यांनी नावेत पाय टाकला, हातांनी वल्ही शोधली, आणि मी दोर सोडला.

नाव सरळ गेली. तिच्यामागे पाण्यावर उमटलेल्या रेषेला कुठेही वाक नव्हता. बऱ्याच अंतरावरून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"डावीकडं घे, डावीकडं!"

"कुणाच्या डावीकडं, म्हातारे? तुझ्या की माझ्या?"