मास्तरांचा उजवा पाय

आमच्या शेजारचे मास्तर गाडी चालवायला शिकवतात. शाळेत त्यांनी कधी शिकवले नाही, पण आमच्या वस्तीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला असल्यामुळे हे नाव त्यांना चिकटले ते कायमचे. शिकाऊ गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिक्षकाने तो दाबायचा. मास्तरांनी तो इतकी वर्षे दाबला आहे, की खाली ब्रेक आहे की फरशी याची त्यांचा उजवा पाय आता चौकशीच करत नाही. लिफ्ट मजल्यापाशी मंदावली नाही की पाय दाबला जातो. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की दाबला जातो. दूध वर यायला लागले, तर हात गॅसकडे जायच्या आधी मास्तरांची सपात फरशीवर धप्पकन आपटते.

"यांच्या ब्रेकने आजवर एकदाही दूध थांबलेलं नाही," असे वहिनी म्हणतात. वहिनी म्हणजे मास्तरांची पत्नी. त्यांच्यावर गाडी शिकण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी सरळ दुसऱ्या मास्तरांकडे नाव घातले होते.

या घरात भोंगा नावाचा कुत्रा आहे. तपकिरी, लांब केसांचा, लोंबत्या कानांचा. नाव आवाजावरून पडले. तो वहिनींनी आणला, वहिनींनी वाढवला. मास्तर त्याच्याबद्दल बोलायचे ते पोटभाडेकरूबद्दल बोलावे तसे: "कुत्रा हिचा आहे. मी फक्त सोफ्यावरची माझी जागा त्याला देतो." दुपारी वहिनी गॅलरीत स्टुलावर बसून त्याला विंचरायच्या. आधी पाठ, मग छाती, आणि सगळ्यांत शेवटी कानांमागचे केस. तिथे गुंता लवकर होतो आणि ओढले की दुखते, म्हणून त्या केसांची मुळे बोटांनी धरून हळूहळू सोडवायच्या. भोंगा डोळे मिटून असा बसायचा, की जणू दाढी करून घ्यायला आलेला कोणी बडा अधिकारी.

त्याच्यात खोड एकच. दारातून कोणीही आत आले, की हा पुढचे दोन पाय त्याच्या छातीवर टेकवून स्वागत करणार. वहिनी त्याला झेलायच्या, "पुरे" म्हणायच्या आणि खाली ठेवायच्या. त्यामुळे ती खोड आहे, हे घरात कोणाच्या लक्षातच आले नव्हते.

मग वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन नीट झाले. त्यानंतर मुलगी त्यांना काही आठवडे स्वतःच्या घरी घेऊन गेली. जाण्याआधी तिने बापाला समोर बसवले. मी तेव्हा तिथेच होतो.

"बाबा, आई वॉकर धरून चालणार आहे. भोंग्याची एक उडी अंगावर आली तर आपण परत ऑपरेशनच्या टेबलावर. ती यायच्या आत याची सवय मोडा. नाही मोडली, तर त्याच दिवशी मी याला माझ्या नणंदेकडे सोडणार. तिच्याकडे मोठं अंगण आहे."

"अंगण घेऊन तो काय करणार? त्याला सोफा लागतो."

"बाबा."

"बरं," मास्तर म्हणाले. "मी माणसं शिकवली आहेत. हा तर निदान परवाना मागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पाहुण्याची भूमिका माझ्याकडे आली, कारण आमचे दार समोर. मी बाहेर जायचे, घंटी वाजवायची, आत यायचे. भोंगा उडी मारायच्या बेतात आला की मास्तर शिकवायला लागायचे: "बस. अरे बस. बस म्हणतो ना. खाली. घाई कशाला? आधी बस, मग बघ, मग पुढे." एवढे व्याख्यान पुरे होईपर्यंत भोंग्याचे पंजे माझ्या शर्टावर छापले गेलेले असत. पहिल्या काही दिवसांत माझ्या ऑफिसच्या कपड्यांतला एकही शाबूत राहिला नाही.

"तुम्ही त्याला फार सूचना देता," मी म्हणालो.

"मी सगळ्यांनाच देतो."

"म्हणून तर सगळे एकदम तीन गोष्टी करतात."

हे त्यांना लागले असावे, कारण त्यानंतर ते एकच शब्द बोलू लागले. मी आत पाऊल टाकले की मास्तर म्हणायचे "बस", आणि कुत्रा बसला की लगेच बिस्किटाचा तुकडा. हळूहळू जमू लागले. भोंगा धावत यायचा, मास्तर "बस" म्हणायचे, आणि हा जागच्या जागी बूड टेकायचा. शेपूट मात्र फरशी पुसत राहायचे.

विंचरण्याचे कामही मास्तरांनी अंगावर घेतले. सुरुवातीला ते गाडी पुसल्यासारखे पुढून मागे ब्रश ओढत गेले आणि कानांमागे आल्यावर भोंग्याने त्यांच्याकडे असे पाहिले, की ब्रश हातातच राहिला. वहिनी फोनवर रोज एकच विचारायच्या, "कान विंचरलेत का?" मास्तर "हो" म्हणायचे आणि फोन ठेवून गॅलरीत जायचे. नंतर नंतर ते बोटांनी गुंता सोडवायला शिकले. एकदा मी गेलो तर भोंग्याचे डोके त्यांच्या मांडीवर, आणि मास्तर त्याला वळणावर हॉर्न का द्यावा ते समजावून सांगत होते. मला बघून म्हणाले, "हिचा कुत्रा आहे हो." पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

वहिनी यायला आठवडा राहिला असताना मुलगी न सांगता तपासणीला आली. तिच्याकडे घराची किल्ली होती. मास्तर खुर्चीत बसून पाय गरम पाण्याच्या बादलीत शेकत होते आणि मी चहा पीत होतो. दार उघडले, भोंगा सुटला.

"बस," मास्तर म्हणाले.

भोंगा उडाला. मुलीच्या हातातली पिशवी खाली पडली.

"बस," मास्तर पुन्हा म्हणाले. भोंग्याने तिचा चेहरा चाटला.

"हे शिकवलंय?" मुलीने विचारले.

मास्तर बादलीतून उठले, ओल्या पायांनी सपाता घालून पुढे आले आणि म्हणाले, "बस." भोंगा बसला. मुलीने दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येत स्वतः "बस" म्हटले. भोंगा उडाला. मी म्हटले, तर त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मास्तरांनी म्हटले की बसला.

"म्हणजे तो फक्त माझं ऐकतो," मास्तर म्हणाले. वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

मुलीने आईला फोन लावला, बादलीपासून सगळा प्रकार सांगितला, फोन चित्र दिसेल असा धरला आणि मास्तरांना पुन्हा सगळे करायला लावले. वहिनींनी पाहिले आणि हसू आवरत म्हणाल्या, "अगं, तो यांचं कुठे ऐकतोय? यांचा पाय बघ."

आम्ही पाहिले. भोंगा अंगावर यायला लागला की मास्तर "बस" म्हणत होते आणि त्याच क्षणी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. धप्प. भोंगा बसायचा तो या धप्पवर. शब्द त्याच्या लेखी नुसता घसा साफ करण्यासारखा.

"कुत्री माणसाकडे बघत असतात," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तोंडाने बोललात, पण शिकवलंत पायाने. बादलीत ब्रेक लागत नाही, म्हणून आता उडाला."

मुलीने पाय आपटून पाहिला. भोंगा बसला. मग ती म्हणाली, "पण बाबा, आईला पाय आपटता येणार आहे का?"



उरलेल्या दिवसांत शिकवणी झाली ती मास्तरांची. पाय न हलवता "बस" म्हणायचे. मला त्यांच्या पायावर नजर ठेवायला सांगितले होते.

"दाबलात," मी म्हणायचो.

"नाही दाबला."

"सपातेचा आवाज आला, मास्तर."

त्यांनी सपाता काढल्या, तर टाच आपटायची. खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, तर खुर्ची दणकायची. आणि पाय खरोखरच हलला नाही, की भोंगा त्यांच्याकडे बघत उभा राहायचा, गाडी सुरू आहे आणि चालक उतरून गेलाय अशा चेहऱ्याने, आणि मग माझ्यावर उडी घ्यायचा.

शेवटी तो दिवस आला. मुलगी आईला घेऊन निघाल्याचा फोन आला तेव्हा मास्तरांनी एका पिशवीत भोंग्याचे भांडे, पट्टा आणि ब्रश भरला आणि पिशवी दाराशी ठेवली. त्याआधी त्याला इतके विंचरले होते, की तो दुकानातून आणल्यासारखा दिसत होता.

"नणंदेला सांगायला हवं, कानांमागे बोटांनी सोडवायचं," एवढेच ते म्हणाले.

लिफ्ट थांबली. मुलगी आधी आत आली आणि बापाला म्हणाली, "तुम्ही सोफ्यावर मांडी घालून बसा. पाय अजिबात खाली नको. तुम्ही घरात नसताना काय होईल ते मला बघायचंय." मास्तर मुकाट्याने बसले. मुलीने आईच्या पुढे उभे राहून दोन्ही हात पसरले, मी बाजूला दबा धरला.

भोंग्याला वहिनींचा वास आला. इतक्या आठवड्यांचे सगळे प्रेम एकवटून तो आतल्या खोलीतून निघाला, मुलीच्या हातांखालून शिरला आणि वहिनींच्या समोर आला.

वहिनींनी वॉकर उंबऱ्याच्या आत टेकला. धप्प.

भोंगा बसला.

वहिनींनी पाऊल टाकले. भोंगा आनंदाने उठला. वॉकर पुढे टेकला, धप्प, भोंगा पुन्हा खाली. दारापासून खुर्चीपर्यंत अशी वरात आली: एक धप्प, एक बैठक. वहिनी खुर्चीत टेकल्या तेव्हा त्या दमल्या नव्हत्या तेवढा भोंगा दमला होता, जीभ बाहेर काढून धापा टाकत होता.

"याला शिकवलंत की उठाबशा काढायची शिक्षा केलीत?" वहिनींनी विचारले.

मास्तरांनी मांडी मोडली नव्हती. "मी पाय हलवला नाही," ते मुलीकडे बघून म्हणाले. "तू बघितलंस."

"बघितलं," मुलगी म्हणाली.

भोंग्याने हनुवटी वहिनींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी त्याच्या कानामागे बोटे घातली, केस चाचपले, मग दुसरा कान चाचपला. गुंता कुठेच लागला नाही. त्यांनी मास्तरांकडे एकदा पाहिले. मग गॅलरीकडे हात करून मुलीला म्हणाल्या, "ते स्टूल आण बाई इकडे. आणि याचा ब्रश कुठे गेला?"

मुलीने दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिले. ती वाकली, पिशवी उघडली आणि ब्रश काढून आईच्या हातात दिला. भांडे मास्तरांनी स्वतःच उचलून स्वयंपाकघरात जागेवर नेऊन ठेवले.