सुतकात वाजवलेली दारं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर लसूण सोलला. डायनिंग टेबलावर पेपर पसरून, समोरासमोर बसून. सोलता सोलता माझी बायको इंग्रजीतलं एक वाक्य घोकत होती, आज संध्याकाळी मीटिंग आहे, प्लीज कम. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत दारोदार जाऊन ते म्हणायचं होतं. मी म्हणालो, "तुझ्या प्लीजने कोण येतंय? आपले लोक दार तरी उघडतात का?" ती म्हणाली, "तुम्ही तोंड बंद ठेवा आणि सालं खाली पाडू नका."

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलात घर परवडेना म्हणून मुलाने बरंच बाहेर, नव्या वसाहतीत घेतलं. सगळी आपलीच माणसं, पुण्याची, नागपूरची, निम्मे तेलुगू. आमच्या मागे ब्लॅक लोकांची जुनी वस्ती. त्यांचे पणजे तिथलेच, चर्चही त्यांनीच हाताने बांधलेलं. त्यांच्या पलीकडे काँक्रीट कालवायचा प्लँट. त्यांना कोणी न विचारता तो तिथे आणून ठेवला, असं ते सांगतात, आणि मला ते खोटं वाटत नाही. वारा फिरला की आमच्या रेलिंगवरसुद्धा पांढरी पूड बसते. आता तो प्लँट मोठा करायचा होता आणि ट्रक आमच्या-त्यांच्या मधल्या रस्त्याने न्यायचे होते. त्याचा निकाल टाऊनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, त्या मीटिंगमध्ये लागणार होता.

त्या वस्तीची पुढारी एक बाई आहे. आयुष्यभर शाळेची बस चालवली तिने. मी एसटीवर ड्रायव्हर होतो, त्यामुळे मला ती पहिल्यापासून बरी वाटली. माझी बायको तिला ताई म्हणायची, मी बाई म्हणतो. बाईने काय काय केलंय ते ऐका. शाळेच्या रस्त्यावरून ट्रक हलवले. चर्चच्या हॉलमध्ये दम्याच्या पोरांसाठी नर्स बसवली. चर्चमागच्या पडीक जमिनीत वाफे घातले, भाजी म्हाताऱ्यांच्या घरी पोचते. मीटिंग घेतली की आधी सगळ्यांना जेवायला घालते, मग बोलते. म्हणते, उपाशी माणूस लवकर भांडतो आणि लवकर घरी जातो.

पण टाऊनवाले तिला दरवेळी एकच सांगायचे. नव्या घरांची काही तक्रार नाही, तिकडून कोणी येतच नाही. म्हणून ती आमच्या गल्लीत यायला लागली. बेल दाबायची, दोन पावलं मागे सरायची, कोणी घाबरू नये म्हणून हात दिसतील असे ठेवायची. आमचे लोक बेलच्या कॅमेऱ्यात बघायचे आणि आत गप्प बसायचे. एकाने तर तिचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, अनोळखी बाई फिरतेय, दार उघडू नका. आमच्या हिने उघडलं. चहा दिला. आणि सांगून बसली की आमच्या गल्लीतली माणसं मी आणते.

लसूण सोलला त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी, ही गेली. छातीत कळ आली, अँब्युलन्स आली, हॉस्पिटलात डॉक्टरने मुलाला बाजूला घेतलं. संपलं.

इथे माणूस गेलं की घरी आणत नाहीत. बॉडी फ्युनरल होमला, आणि दहनाची वेळ मिळाली चार दिवसांनंतरची. तोवर करायचं काय? गावाकडे लाकडं आणायची असतात, माणसं येतात, रडायला जागा असते. इथे मुलगा फोनवर, सून लॅपटॉपवर, नात खोलीचं दार लावून. मी दुसऱ्या दिवशी सकाळी किचनपासून गराजपर्यंत फेऱ्या मारत होतो. बसलो की पाय आपोआप उठायचे.

तेवढ्यात बाईची गाडी आली. हिला न्यायला. तिला कोणी कळवलंच नव्हतं.

मी बाहेर जाऊन सांगितलं, "शी इज गॉन. यस्टरडे." तिने हॅट काढली आणि आमच्या पायरीवर बसली. मग सावकाश, मला कळेल असं म्हणाली, "तुमची चूल आज पेटवू नका. चर्चमधून जेवण येईल. आमच्यात तशी रीत आहे."

"आमच्यातही," मी म्हणालो.

मी विचारलं, संध्याकाळी आमच्या गल्लीतून कोण येणार आहे?

"ती येणार होती," बाई म्हणाली.

मी आत जाऊन बूट घातले. मुलगा म्हणाला, "बाबा, सुतकात कुठे निघालात? लोक काय म्हणतील?"

"म्हणायला दार तरी उघडतील," मी म्हणालो.

पहिलं घर त्या फोटोवाल्याचंच. पुण्याचा पोरगा, घरून काम करतो. बेल दाबली. कॅमेऱ्यातून आवाज आला, "काका, आत्ताच ऐकलं. खूप वाईट झालं. या ना, आत या."

"आत येणार नाही. सुतक आहे. तू बाहेर ये."

दारात सुतकी म्हातारा उभा. काय करणार? तो मोजे घालूनच बाहेर आला. बाईला बघितलं आणि खाली मोज्यांकडे बघायला लागला. बाईने गुड मॉर्निंग म्हणून प्लँटचं, ट्रकचं, सगळं नीट सांगितलं.

त्याने मला हळूच विचारलं, "काकू धुळीमुळे गेल्या का? तसं असेल तर ग्रुपवर टाकतो. सगळे येतील, काका, खरंच."

"हार्ट होतं," मी म्हणालो. "तसलं काही टाकायचं नाही."

बाईने विचारलं, काय म्हणतोय? मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिने त्याच्याकडे बघून नाही अशी मान हलवली. पोरांना ती बेबीच म्हणते. "नो, बेबी. सांगायला खरं आहे तेवढंच पुष्कळ आहे."

"मग मी येऊन काय बोलू?" तो म्हणाला.

"तुझी पोरगी शाळेला कुठल्या रस्त्याने जाते?" मी विचारलं. "तेवढं बोल."

"बघतो, काका."

"बघू नकोस. ये."

दुसऱ्या दारात नागपूरची वहिनी होती. ती माझ्या पायाशीच बसून रडायला लागली. मला रडायचं नव्हतं, मी वर छपराकडे बघत राहिलो. बाईनेच तिला उठवलं, पाठीवर हात ठेवला. वहिनी डोळे पुसत म्हणाली, "मी येते. यांचं काही सांगता येत नाही, यांना मॅच असते."

"त्याला सांग, तिथे जेवण आहे," मी म्हणालो. रडता रडता ती हसली, मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं.

तिसऱ्या घरी कोणीच नव्हतं. कॅमेरा बोलला, "काका, मी ऑफिसात आहे."

"सुटलास की घरी येऊ नकोस. सरळ टाऊन हॉलला जा."

"काका, तुम्ही ठीक आहात ना?"

"नाही," मी म्हणालो. "तू येणार का ते सांग."

मग तो म्हणाला, "येतो."

आम्ही समोरच्या रांगेला वळलो. तिथे तेलुगू लोक राहतात. सुतक त्यांच्यातही पाळतात, असं मला हिनेच कधीतरी सांगितलं होतं. मी बेल दाबली.