खळ्याचा वारा

आप्पा चहा बशीत ओततात आणि परत कपात घेऊन पितात. बसताना आमच्या टॉवरकडे पाठ करून बसतात. पेपर आला की आधी निधनवार्ता, मग जमिनींच्या जाहिराती. दोन्हीकडे ओळखीची नावं निघतात, असं त्यांचं म्हणणं. ज्याला शिवी घालायची त्याला आधी 'साहेब' म्हणतात. नट-बोल्ट शर्टाच्या खिशात ठेवतात आणि ते धुण्याच्या दगडावर प्रेमलाकाकूंच्या हाताला लागतात. घराबाहेर पडले की वाकून चिमूटभर माती उचलतात, खांद्याच्या उंचीवरून सोडतात, ती कुठे जाते ते बघतात. मगच चालू लागतात.

यातलं निम्मं आता खरं नाही. तरी क्रियापदं बदलावीशी वाटत नाहीत.

आप्पासाहेबांचं घर खराडीत, दोन आयटी टॉवरच्या बेचक्यात आहे. दोन खोल्या, रिकामा गोठा, फाटकाशी काकूंची चहाची टपरी. मी त्यातल्या एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर काम करते. मराठी घेऊन एम.ए. केलं आणि आता ॲपमधल्या बटणांवर काय लिहायचं ते ठरवते. 'पुढे जा.' 'नंतर आठवण करा.' चहाला खाली उतरायची, तशी ओळख झाली आणि वाढली.

माझा टॉवर उभा आहे तिथे पूर्वी यांचं खळं होतं. ती जमीन आप्पांच्या भावाच्या वाट्याची. भाऊ गेला, पुतण्या इंद्रजीतने ती विकली. घराची जागा मात्र सामाईक आहे आणि आप्पा सही देत नाहीत. विजेचं मीटर गेलेल्या भावाच्या नावावर होतं. चैत्रात इंद्रजीतने अर्ज करून ते काढायला लावलं. नव्या मीटरला त्याची संमती लागत होती. सगळं कायदेशीर. चुलत्याच्या घरात अंधार करायला एक अर्ज पुरतो.

सोलर बसवून पाहिलं. टॉवरच्या सावल्या सकाळी एका बाजूने येतात, दुपारी दुसऱ्या. दिवा मिणमिणायचा आणि विझायचा.

काकूंनी एकदाच सांगितलं. "आषाढ लागायच्या आत घरात दिवा लागला तर ठीक. नायतर मी ऋतुजाकडं जाते. पावसाळ्यात इचू-काटं निघत्यात, अंधारात पाय कुठं ठेवू?"

ऋतुजा त्यांची मुलगी, हडपसरला असते. काकू गेल्या तर आप्पा या घरात एकटे राहणार नाहीत, सही करतील, हे सगळ्यांना माहीत होतं. इंद्रजीत त्याचीच वाट बघत होता.

"ऊन खाल्लं भडव्यांनी," आप्पा मला म्हणाले. "वारं कसं खातील?"

त्यांनी भंगारातून बिघडलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरचं मागचं चाक आणलं. मोटर त्या चाकातच असते. वीज दिली की चाक फिरतं, तसं चाक फिरवलं की वीज येते. भंगारवाल्याने हे आप्पांना सांगितलं, आप्पांनी मला. ड्रेनेजचा जाड पाइप उभा चिरून तीन पाती काढली. खांबाला बोअरचा जुना पाइप. जेवणाच्या सुट्टीत मी पाती घासायला बसायची आणि पांढऱ्या हातांनी मीटिंगला जायची.

पंखा त्यांनी पश्चिमेला तोंड करून पक्का वेल्ड करून घेतला.

"आप्पा, पश्चिमेला आता आमची बिल्डिंग आहे."

"बिल्डिंग हाय. म्हणून वारं गेलं का कुठं? याच वाऱ्यावर माझ्या बापानं ज्वारी उपणली. खळं उगंच तिथं घातलं नव्हतं."

पंखा गोठ्याशेजारी उभा राहिला. आणि नुसता उभाच राहिला. कधीतरी दोन गिरक्या घ्यायचा, त्याही उलट्या. आप्पा रोज सकाळी खाली माती सोडत. माती उत्तरेला जाई. ते म्हणत, आज वारं बिघडलंय.

इंद्रजीत पांढरी गाडी फाटकात लावून उतरला. वर बघितलं. "आप्पा, छान आहे. पण फिरणारा का नाही घेतला?"

"साहेब, तुमच्या बापाचं मीटर परत आणा, मग फिरणारा घेतो."

"आषाढ कधी लागतोय हो काकू?" असं टपरीवर विचारून तो गेला. चहाही पिऊन गेला. काकूंनी दिला. मला ते अजून सहन होत नाही.

त्याच संध्याकाळी काकू अंगण झाडत होत्या. पश्चिमेचा वारा कसा असायचा हे आप्पा मला पुन्हा सांगत होते. काकूंनी केरसुणी खाली टाकली.

"अहो, टपरीवरचे कागदी कप रोज मी कुठनं गोळा करते? गोठ्याच्या मागनं. वारं दोन बिल्डिंगींच्या फटीतनं येतं, दक्षिणेकडनं, आणि सगळे कप तिकडं नेतं. रोज झाडते मी. मला इचारलंत का कधी?"

आप्पांनी वाकून माती उचलली आणि सोडली. उत्तरेला गेली.

"म्हणजे वाऱ्यानं बी सही केली म्हणायची," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंग कापून घेतलं. चाक बेअरिंगवर बसवलं, म्हणजे पंखा वळू लागेल. मागे पत्र्याची शेपटी लावली, वाऱ्याकडे तोंड करायला. पत्रा बिल्डरच्या पडलेल्या जाहिरातीचा होता. शेपटीवर 'बुकिंग सुरू' इतकंच उरलं होतं. ज्येष्ठ संपत आला होता. पंखा चढवला, त्याने मान वळवली, फटीकडे बघितलं आणि सुटला. तिन्हीसांजेला बॅटरीवरचा दिवा लागला.

काकू दिव्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भिंती किती काळ्या झाल्यात."

त्या गेल्या नाहीत.

एक काम राहिलं होतं. वारा फार झाला तर शेपटी दुमडायची, म्हणजे पाती वाऱ्यातून बाजूला होतात आणि पंखा मंदावतो. शेपटीला बिजागरी होती, दोर बांधायचा होता. आप्पा त्याला कासरा म्हणायचे. मी दोनदा आठवण करून दिली. "आधी पळू दे. नवा बैल पळाल्याबिगर कळत नाय," म्हणाले.

आषाढात वारा चढला. खांब हलायला लागला. इंद्रजीत टॉवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याला घेऊन आला. दोघांची तोंडं काळजीची होती. अंधाराची काळजी यांना कधी वाटली नव्हती.

"पातं उडून कुणाच्या डोक्यात गेलं तर?" अधिकारी म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबवा. नाहीतर आम्ही पाडतो."

"वाऱ्याला सांगा साहेब," आप्पा म्हणाले. पण ते दोघे फाटकाबाहेर पडताच त्यांनी शिडी लावली. हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

पुढचं मी बघितलं. मीटिंग चालू होती. एका बटणावर 'रद्द करा' लिहावं की 'थांबवा', यावर सहा माणसं बोलत होती. मी खिडकीतून खाली बघत होते. आप्पा शिडीच्या टोकाला, खांद्यावर दोर. बैलाच्या शिंगात टाकावा तसा त्यांनी शेपटीकडे फास टाकला. वाऱ्याचा झोत फिरला आणि शेपटी झटक्यात वळली. पत्रा त्यांच्या छातीवर बसला. ते गोठ्याच्या छपरावर आदळले आणि तिथून खाली.

आमच्या काचा उघडत नाहीत. मी काचेवर हात मारत राहिले. कुणीतरी विचारलं, "एनी इश्यू?"

कमरेखाली आता त्यांना काही कळत नाही. हॉस्पिटलमधून ऋतुजाकडे नेलं. तिथे इंद्रजीत मोसंबी घेऊन आला आणि कागदही घेऊन आला. एकाच पिशवीत.

"आप्पा, आता तरी."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. मला विचारलं, "पोरी, घरात दिवा लागतोय का?"

"लागतो."

"काकू?"

"दुपारी इथे डबा आणतात. संध्याकाळी परत जातात."

"मग घर चालू हाय. साहेब, सही कशापायी?"

इंद्रजीतने पंखा पाडायला माणसं पाठवली होती. ती खाली उभी राहून वर बघून गेली. फिरत्या पंख्याशी चढायला कुणी तयार नाही, आणि थांबवायची सोय नाही. सुरक्षा अधिकाऱ्याने खांबाभोवती पिवळी पट्टी बांधली आहे. वाऱ्याने ती रोज सुटते. मला ते बघून बरं वाटतं. इतकं बरं वाटणं चांगलं नसेल.

चौथ्या मजल्यावरून संध्याकाळी मला दिवा दिसतो. खांबाच्या बुडाशी आप्पांनी खुंटी ठोकून ठेवली आहे. कासऱ्याचं एक टोक तिला घट्ट बांधलेलं आहे. दुसरं टोक, फास तसाच, गोठ्याच्या पत्र्यावर पडलं आहे.