गराडे सरांची माती

गराडे सर मैदानात शिरताना वाकून माती कपाळाला लावत. खेळायला नव्हे, नुसत्या चुन्याच्या रेषा मारायला निघाले तरीही! मग तसेच मातकट कपाळ घेऊन स्टाफरूममध्ये चहाला. मी हसले की म्हणत, "मॅडम, माती लावल्याबिगर मैदान वळखत न्हाई आपल्याला." लोणावळ्याजवळच्या आमच्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षणाचे प्रमुख, मी त्यांची सहायक.

पुढे कॉलेजने व्हीआरचे गॉगल घेतले. डोळ्यांना लावले की समोर कबड्डीचं अख्खं मैदान. पकड कशी बसते ते चहूबाजूंनी दिसतं. प्राचार्य इतके हरखले, की खेळ खोलीतच शिकवू म्हणून मैदानावर पार्किंग करायचं ठरवून मोकळे! संस्थेच्या अध्यक्षांनी गॉगलचं प्रात्यक्षिक पाहिलं की पार्किंगच्या कागदावर सही. मग पोरींनी खेळायचं कुठे, हायवेवर? मी धुसफुसत होते, आणि सर रोज गॉगल लावून हवेला मिठ्या मारत होते. "लय भारी वस्तू! पाय कुटं चुकतो ते पोरींना आता दिसंल. जल्मभर बोंबललो, कुणाला कळलं न्हाई." मला वाटलं, म्हातारा फितला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले अध्यक्ष सोफ्यावर बसले. सरांनी गॉगल चढवले, समोर मैदान दिसलं, सवयीने वाकले आणि प्राचार्यांच्या टेबलावर धाडकन कपाळ आपटलं! टेंगूळ आलं तरी गडी फरशी चाचपतोय.

"माती कुटंय?"

"सर, सुरू करा हो," प्राचार्य कळवळले.

"मातीबिगर न्हाई जमायचं."

शेवटी पोरींनी घमेलंभर तांबडी माती आणून फरशीवर ओतली. सरांनी ती कपाळाला लावली, हातांना चोळली, 'कबड्डी, कबड्डी' करत चढाई केली आणि थेट अध्यक्षांच्या मांडीवर जाऊन पडले. पांढऱ्या पँटवर दोन तांबडे पंजे!

"अहो, हे सगळं बाहेर न्या!" अध्यक्ष ओरडले. "मैदान कशाला ठेवलंय मग?"

प्राचार्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. पार्किंगचं नाव पुन्हा निघालं नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी विचारलंच, "सर, टेबल खरंच दिसलं नव्हतं?"

"ते ठरल्यापरमानं झालं," सर कपाळ चोळत म्हणाले. "टेंगूळ तेवढं जास्त आलं."

गेल्या वर्षी सर गेले. मी खूप रडले, अजूनही मध्येच रडू येतं. गॉगलचा तास आता मैदानावरच घेते. गॉगल लावलेल्या पोरी आधी वाकतात, आणि त्यांच्या हाताला माती लागते.