ए चौथी, खडू घे

"ए चौथी, खडू घे."

परातीत पीठ ओतायच्या आधी अक्का रोज असं म्हणायच्या. आमच्या कडक भाकरीच्या कारखान्यात आम्ही बाराजणी. त्यात मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून माझं नावच चौथी पडलं. अक्कांना अक्षरओळख नव्हती, पण जुन्या म्हणी इतक्या पाठ, की रोज नवी सांगायच्या. मी ती दारामागच्या फळ्यावर लिहायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाची जाऊ भांडली, की अक्कांकडे त्यावर म्हण तयार. भाकरी थापता थापता, मान वर न करता सांगायच्या. ऐकणारीचं रडू थांबायचं. एकदा तव्यावर त्यांचाच हात भाजला, तेव्हाही त्या म्हणच सांगू लागल्या. शेजारची रत्ना ओरडली, "अक्का, आधी हात पान्यात घाला की!" सगळ्या हसलो. अक्काही हसल्या.

त्या दिवसाची म्हण मी घरी सासूबाईंना ऐकवायची. त्यांना एकूण एक आवडायची. त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

मग माझ्या पोरीला करकंबचं स्थळ आलं. नुकतीच बारावी झालेली, तिला नर्सिंगला जायचं होतं. घरातल्यांनी मात्र होकार कळवूनही टाकला. मला चारचौघांत बोलता येत नाही. मी अक्कांजवळ जाऊन बसले.

"अक्का, एक म्हण द्या की. सासूबाईंपुढं म्हणता येईल अशी. पोरीचं लग्न थांबवायचंय."

"देते की," अक्का म्हणाल्या आणि हातातला गोळा नुसता फिरवत राहिल्या. एक म्हण ओठांवर आली, ती गिळली. दुसरी अर्धी म्हणून सोडली. तव्यातून धूर निघाला तरी भाकरी पडेना.

"चौथी, माज्याकडं लई हायत गं," त्या हळूच म्हणाल्या. "पन समद्या सोसायच्या हायत. न्हाय म्हनायची एक बी न्हाय. मला कुनी दिलीच न्हाय."

त्या दिवशी फळा कोरा राहिला. घरी निघताना त्यांनी माझा हात धरला. "तूच कर की एखादी. शिकलेली हाईस."

मी मान डोलावली. पण घरी तोंडातून शब्द फुटला नाही. पोरगी करकंबला गेली. निघताना तीही काही बोलली नाही. माझ्यावरच गेली आहे.

पुढं वर्षाच्या आत अक्का वारल्या. त्यांची परात आता रत्नाकडे आहे. बाया म्हणतात, "चौथी, लिही की गं." मी फळा ओल्या फडक्यानं पुसते आणि पीठ मळायला बसते.

परवा पोरीचा फोन आला. "आई, मला हितं राहवत नाही गं. काय करू?"

अक्कांची एक म्हण माझ्या ओठांवर आली. मी ती गिळली. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.